एक तपकिरी, एक निळा

३ फेब्रुवारी

अक्का,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. भाऊजींना विचारलं तर ते म्हणाले, "ती म्हणते, फोन वाजलाच नाही." मागून तुझा आवाज स्वच्छ येत होता, "सांगा, वाजला नाही म्हणून." मला हसू आलं आणि मी फोन ठेवला. कागद वाजत नाही. शिवाय लिहिलेला कागद न वाचता टाकणं तुला जन्मात जमलेलं नाही. लहानपणी वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा तू सरळ करून वाचायचीस आणि मग आईच्या हाती साखर द्यायचीस. तेव्हा हे तू वाचणार असं धरून चालतो.

आधी कामाचं. फोटो मी उतरवलेला नाही आणि उतरवणार नाही. त्याच्या खाली अर्थही लिहिणार नाही. हे रागाने लिहितोय असं समजू नकोस. राग तुझ्या वाट्याला आला, माझ्या वाट्याला हट्ट. आईने वाटणी बरोबर केली होती.

रविवारी माझ्या फोटोंच्या प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी तू वाचनालयाच्या सभागृहातून चहा अर्धा टाकून गेलीस. तुझ्यामागे उभ्या असलेल्या दोघींपैकी एक जण फोटोकडे बघून "बिचारी" म्हणाली, ते मीही ऐकलं. तू दारात थांबलीस आणि भरल्या सभागृहात मला म्हणालीस, "बारक्या, मी रडत नव्हते हे खाली लिही. लिहीपर्यंत माझ्या घराची पायरी चढू नकोस." ग्रंथपालबाई बिस्किटांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळी वाजवायला ट्रे खाली ठेवला होता.

तू तो फोटो धड पाहिलाही नसशील. त्यात काय दिसतं ते सांगतो, दिसतं तेवढंच. खिडकीखाली उलटा घातलेला क्रेट. त्यावर बसलेली एक बाई. मागे थांबलेल्या मशीनी. बाईने दोन्ही हातांवर मोजे चढवलेत आणि ते हात तोंडावर दाबून धरलेत. चेहरा दिसत नाही. खांदे जरा पुढे आलेत. बस.

बाकीचं तुला आणि मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी मोज्यांचा कारखाना बंद होण्याचा तो दिवस. सगळ्यांचा एकत्र फोटो काढायला मालकाने मला बोलावलं होतं. भाषण झालं, प्रत्येकीला निरोपाचा एकेक खोका दिला, मालक गाडीत बसून गेला. तू जोडीच्या टेबलावरची. आयुष्य त्या टेबलाशी गेलं तुझं: मोज्यात हात घालायचा, भोक बघायचं, रंगाला रंग लावायचा, जोडी बांधून पुढे सरकवायची. तू खोका उघडलास, तर आत एक मोजा तपकिरी आणि एक निळा. टाकाऊ मालातून भरलेले खोके! तू सवयीने दोन्हींत हात घातलेस, उलटसुलट करून पाहिलेस आणि मग ते हात तोंडावर नेलेस. गटाचा फोटो मी डिजिटलवर काढला होता, पण गळ्यात माझा जुना कॅमेरा होता आणि त्यात काळा-पांढरा रोल. त्यात तपकिरी आणि निळा सारखाच राखाडी उमटतो. म्हणून तो विनोद कुणाला दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की कारखाना बंद झाला आणि एका बाईने तोंड झाकून घेतलं.

तुझी तक्रार मला कळली. पण तूच एक गोष्ट विसरलीस, तिची आठवण देतो. आपल्या शाळेत कविता शिकवून झाली की गुरुजी फळ्यावर ठरलेला प्रश्न लिहायचे: कवीला काय म्हणायचे आहे? तू सातवीत, मी दुसरीत, पण खोली एकच, त्यामुळे तुमचं सगळं आम्हाला फुकटात ऐकायला मिळायचं. बाकीची पोरं मार्गदर्शकातलं उत्तर घडाघडा म्हणायची. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "गुरुजी, त्याला जे म्हणायचं होतं ते त्याने वर म्हटलंय की." तास संपेपर्यंत तुला कोपऱ्यात उभं केलं. मी त्या दिवशी मनातल्या मनात तुझा शिष्य झालो. आणि आता तूच मला खाली उत्तर लिहायला सांगतेस?

दुकान उघडण्याआधी मी दोन मिनिटं हात जोडून उभा राहतो, त्याला तू "बारक्याची हजेरी" म्हणतेस. म्हण. त्या वेळी समोरच्या भिंतीवर ऊन पडलेलं असतं. त्या उन्हाखाली देवाने 'या प्रकाशातून मला पुढीलप्रमाणे सुचवायचे आहे' अशी चिठ्ठी डकवलेली मी आजवर पाहिली नाही. ज्याला जे हवं ते त्यातून तो घेतो. कुणी हात जोडतो, कुणी गादी वाळत घालतो.

प्रदर्शन महिनाअखेरपर्यंत आहे. तोवर राग उतरला तर बरं, नाही तर त्याच्या वेळेने उतरेल.

बारक्या


९ फेब्रुवारी

अक्का,

परवा भाऊजींचा फोन आला. तो फोन त्यांचा नव्हता, तुझाच होता. त्यांनी फक्त धरला होता. आमचं बोलणं तू ऐकलंस, पण अर्धंच. म्हणून माझी बाजू लिहून ठेवतो.

"पत्र मिळालं म्हणते," भाऊजी म्हणाले.

"वाचलं का?"

"वाचलं नाही म्हणते." मग आवाज खाली आणून, "दोनदा."

"काय म्हणाली?"

"म्हणते, देव झालास का तू?"

"नाही म्हणावं."

"म्हणते, देवाच्या उन्हात तपकिरी तपकिरी दिसतं आणि निळं निळं दिसतं. तुझ्या फोटोत दोन्ही राख. रंग तू गिळलास, मग आता तो तूच ओकायचा."

भाऊजी लगेच पुढचं म्हणाले, "आणि म्हणते, बटण कधी दाबायचं ते तू ठरवलंस ना? मग तेवढं ठरवायला अक्कल होती, आणि सांगायची पाळी आली की मूग गिळून बसतोस?"

"भाऊजी, ते मोजे आहेत कुठे?" मी विचारलं.

"माझ्या पायात. उबदार आहेत रे. मी सांगितलं म्हणून तिला सांगू नकोस."

मागून आवाज: "सांगितलंत ना?"

फोन बंद.

आता उत्तर. तुझं रंगाचं म्हणणं मी दोन दिवस डोक्यात घोळवलं. पासपोर्टच्या फोटोला आलेल्या एका गिऱ्हाइकाला मी "हनुवटी जरा निळी करा" म्हणालो, इतकं घोळवलं. त्यातून एवढं पटलं की माहिती एक आणि अर्थ एक. कुठे, कधी, काय चाललं होतं, हे बघणाऱ्याचं देणं आहे. ते दडवलं तर फसवणूक होते. म्हणून आज सकाळी फोटोखाली पट्टी लावून आलो: 'मोज्यांचा कारखाना. जोडी लावण्याचं टेबल. शेवटचा दिवस.' यात तू जिंकलीस. पेढे वाटू नकोस, पुढचं वाच.

रंग मी लिहिला नाही. तीही माहितीच, हे मान्य. पण तो लिहिला की बघणारा वाचेल, "अच्छा, बिनजोडीचे होते होय!" आणि हसून पुढच्या फोटोकडे जाईल. दार लागलं. मग त्या खिडकीखाली फक्त एक किस्सा बसलेला राहील, तू तिथून उठून गेलेली असशील.

शनिवारी तुझी इस्त्रीवाली आली होती. तीच, तुझ्या पलीकडे उभी राहून मोजे पत्र्याच्या पायावर चढवायची ती. पिशवी खाली ठेवून फोटोसमोर उभी राहिली. मी ओळख दाखवायला पुढे गेलो, तर तिचे डोळे भरलेले. म्हणाली, "अक्काने त्या दिवशी मोकळं होऊन घेतलं, बरं केलं. मला रडूच आलं नाही बघ. घरी गेले, स्वयंपाक केला, भांडी घासली, झोपले. आज इथे येऊन आलं." पिशवीतून रुमाल काढला, तो कारखान्याच्या चिंध्यांचा होता.

आता सांग, मी तिला काय म्हणायला हवं होतं? "बाई, डोळे पुसा, ती हसत होती"? इतक्या दिवसांनी तिला तिचं रडू सापडलं होतं, ते मी हातातून काढून घ्यायचं?

आणि लगेच रागावू नकोस, कारण त्याच संध्याकाळी तुझी ती उंच मैत्रीण आली, सुताच्या रिळांवरची. तिने फोटो पाहिला आणि सभागृहात घुमेल असं हसली. ग्रंथपालबाई बघायला धावत आल्या. ती म्हणाली, "तोंड झाकलंय ना? मग ही हसतेय. मालकाचं भाषण चालू असताना अक्का असंच करायची. एकदा मोजा तोंडात कोंबला होता!" तिलाही मी काही बोललो नाही.

एकच फोटो. एकीला रडायला जागा मिळाली, एकीला हसायला. मी खाली एक ओळ लिहिली की दोघींपैकी एकीला उठवावं लागतं. कुणाला उठवू, ते तू सांग. तू पंगतीतून माणूस उठवलेलं मी कधी पाहिलं नाही.

बारक्या


१६ फेब्रुवारी

अक्का,

तुझं कार्ड मिळालं. "मी रडले नाही. लिही." एवढंच. आपल्या घराण्यात इतकं थोडक्यात आजवर कुणी लिहिलं नसेल. पत्ता मात्र तू पूर्ण घातलास, पिनकोडसकट. मला त्यातच बरं वाटलं.

इकडे एक गंमत झाली. परवा सभागृहात गेलो तर माझ्या पट्टीच्या खाली दुसरी पाटी, छापील, चौकटीसह: 'श्रमिक स्त्रीचा मूक आक्रोश'.

"हे कुणी लावलं?" मी विचारलं.

"मी," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "लोक मला विचारतात, याचा अर्थ काय. तुम्ही चार ओळी देत नाही. मग मीच दिली एक."

"बाई, मूकही म्हणता आणि आक्रोशही म्हणता."

"तसंच म्हणतात हो."

"तुम्ही माझ्या बहिणीला ओळखत नाही. तिला आक्रोश करायचा असता तर तो मूक नसता."

त्यांना पहिल्या दिवशीचा दारातला प्रसंग आठवला असावा. "ते खरं आहे," म्हणाल्या. पण पाटी काढायला तयार होईनात. मी म्हटलं, पाटी राहिली तर माझे सगळेच फोटो घेऊन जातो. त्या म्हणाल्या, तुमचा फार ताठा आहे. मी म्हटलं, आहे, पण तो या एकाच बाबतीत. बाकी मी पासपोर्टवाला माणूस आहे, हनुवटी वर म्हणतो, खाली म्हणतो. शेवटी पाटी उतरली. ती मी पिशवीत घालून घेऊन आलो, दुकानातल्या डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली घातली. आक्रोश आता खरोखर मूक आहे.

तर 'ती रडतेय' असं म्हणणारी पाटी मी काढली. आणि तुला हवी ती ओळ मी लिहीत नाही. तुला वाटतं, हा आडमुठेपणा आहे, मोठा कलावंत झाल्याचा माज आहे. भाऊजी म्हणाले की तू "आपलेच दात आणि आपलेच ओठ" म्हणत घरभर फिरतेस. म्हणून आज जे सांगायचं नाही असं ठरवलं होतं, त्यातलं निम्मं सांगतो.

आधी माझ्या उस्तादांची रीत ऐक. मी त्यांच्या स्टुडिओत काम शिकलो तेव्हा पहिली गोष्ट त्यांनी शिकवली ती कॅमेऱ्याची नव्हती. गिऱ्हाईक फोटो न्यायला आलं की तो काउंटरवर उपडा ठेवायचा. गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने उलटायचा, आणि ते बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. "छान आलाय" सुद्धा म्हणायचं नाही. मला ते विचित्र वाटायचं. मग एकदा दोन भाऊ आपल्या गेलेल्या वडिलांचा मोठा करून घेतलेला फोटो न्यायला आले. थोरल्याने उलटला आणि म्हणाला, "बघ, अजून रागावलेलेच आहेत." धाकटा म्हणाला, "छे, हसू दाबतायत." दोघेही आपापल्या बापाकडे बघत होते आणि दोघांचेही बाप त्या कागदावर होते. उस्तादांनी नुसता दोरा घेतला आणि फोटो बांधून दिला. ते गेल्यावर मी विचारलं, खरं काय होतं? उस्ताद म्हणाले, "मला काय ठाऊक? मी कॅमेऱ्यामागे होतो."

मीही त्या दिवशी कॅमेऱ्यामागे होतो. पण माझ्या बाबतीत एक फरक आहे. मी बटण दोनदा दाबलं.

पहिल्या वेळी तुझे हात तोंडावर होते आणि मोज्यांच्या आतून तुझं हसणं मला ऐकू येत होतं. अक्का, तू हसत होतीस. हे मी कुणाही समोर सांगेन. मग रोल पुढे सरकवेपर्यंत जेवढा वेळ जातो तेवढा गेला. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा तू हात खाली घेतले होतेस. बाकीच्या बायका फाटकाशी होत्या, मालक कधीच गेला होता, मशीनी बंद होत्या. तिथे तू होतीस आणि मी होतो. तू माझ्याकडे बघतही नव्हतीस, टेबलाकडे बघत होतीस.

त्या दुसऱ्या फोटोत तुझा चेहरा आहे.

तो मी आजवर कुणाला दाखवला नाही. ग्रंथपालबाईंना नाही, भाऊजींना नाही. एकच प्रत काढली होती, ती या पाकिटात आहे. निगेटिव्हचा तेवढा तुकडाही कापून सोबत ठेवलाय. म्हणजे आता तो तुझ्याखेरीज जगात कुणाकडे नाही.

त्यात काय आहे ते मी लिहिणार नाही. "बायका रडून सुट्टी काढतात," असं मालक एकदा म्हणाला होता, आणि त्यानंतर तू त्या कारखान्यात डोळ्याला पदर लावला नाहीस, हे मला ठाऊक आहे. आई गेली तेव्हाही तू कामावर जाऊन कोरड्या डोळ्यांनी जोड्या लावल्यास. म्हणून तर 'ती रडतेय' म्हणणारी पाटी मी स्टुलाखाली घातली. पण 'ती रडत नव्हती' असं लिहायला पेन हातात घेतलं की मला दुसरा फोटो आठवतो. खोटं मला खपत नाही, आणि खरं सांगण्याचा हक्क माझा नाही. मग माणसाने काय करावं? गप्प बसावं. तेच करतोय.

फोटो पाकिटात उपडा ठेवलाय. उलटायचा की नाही, ते तू ठरव. नाही उलटलास तरी चालेल, चुलीत घातलास तरी चालेल. मी विचारणार नाही.

बारक्या


२७ फेब्रुवारी

अक्का,

तू येऊन गेलीस, हे मला तू सांगितलं नाहीस, भाऊजींनीही नाही. ग्रंथपालबाईंनी सांगितलं. आता तुझीच हकीकत तुला सांगतो. मला कितपत खरी मिळाली ते तपासून घे.

बुधवारी दुपारी तुम्ही दोघं आलात. तू सरळ त्या फोटोसमोर गेलीस आणि उभी राहिलीस. भाऊजी बाकावर बसले. तेवढ्यात कॉलेजचे एक प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे आले आणि सांगू लागले, इथे छायाचित्रकाराला असं सुचवायचं आहे, तसं सुचवायचं आहे. बरंच सुचवून झालं. तुझा चेहरा फोटोत नाही, त्यामुळे ज्या बाईबद्दल बोलतोय ती शेजारीच उभी आहे, हे त्यांना कुठून कळणार? एका मुलीने मात्र तुलाच विचारलं, "मावशी, तुम्हाला काय वाटतं? या बाईला काय झालं असेल?"

ग्रंथपालबाई म्हणाल्या, त्यांनी श्वास रोखून धरला. मीही ऐकताना धरला. ज्यासाठी तू महिनाभर मला पायरीखाली उभं केलंस, ते सांगायची संधी आपल्या पायाने चालत आली होती.

तू म्हणालीस, "तू आधी सांग. मी पडले तिच्या ओळखीतली, माझं काही खरं धरू नकोस."

मुलगी म्हणाली, "मला वाटतं, तिला एकटं हवंय."

तू म्हणालीस, "असेल."

प्राध्यापक म्हणाले, "फोटो काढणाऱ्याने खाली स्पष्ट लिहायला हवं होतं." त्यावर तू म्हणालीस, "त्याला काय कळतंय? त्याने नुसतं बटण दाबलं."

अक्का, माझ्या कामाबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नाही.

हे ऐकून मी निघालो, तेव्हा ग्रंथपालबाईंनी मला हळूच विचारलं, "एक विचारू? तुमच्या भाऊजींना रंग ओळखता येत नाहीत का? एका पायात तपकिरी मोजा होता आणि एका पायात निळा." मी म्हटलं, येतात की. एवढंच. याचाही अर्थ मी सांगितला नाही.

काल तुझं पाकीट आलं. हातात घेताच ओळखलं, आत तोच जाड कागद. निगेटिव्हचा तुकडाही परत. मी ते काउंटरवर ठेवलं, शटर अर्धं ओढलं आणि आधी हात धुतले. फोटो उपडाच निघाला. पाठीवर तुझ्या त्या टोकदार पेन्सिलीने, जिने तू जोड्यांच्या गठ्ठ्यांवर खुणा करायचीस:

"एकटा मोजा कुणी घेत नाही. जोडी लाव. खाली काही खरडू नकोस."

मी ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. मग उलटवला. वर्षभरात मी तो पुन्हा पाहिला नव्हता. त्याबद्दल तुलाही काही लिहीत नाही, तू पाहिलायस.

आज सकाळी हजेरी झाल्यावर तडक वाचनालयात गेलो. दुसरी चौकट तशीच केली होती, पहिल्या लाकडाची. लावायच्या वेळी अडलो, डावीकडे कोणता आणि उजवीकडे कोणता? तुला विचारायला फोन काढलाही. मग आठवलं, मोज्याला डावा-उजवा नसतो, हे तूच मला लहानपणी ओरडून शिकवलं होतंस. शेजारी शेजारी लावले. खाली जुनी पट्टी तशीच आहे, त्यात एक अक्षर वाढवलं नाही.

ग्रंथपालबाई आल्या आणि दोन्हींसमोर उभ्या राहिल्या. मी वाट बघत होतो की आता चार ओळी मागतील. त्यांनी त्या मागितल्या नाहीत. ही त्यांच्या बाबतीत मोठीच गोष्ट. थोड्या वेळाने जाऊन खोलीतली खुर्ची घेऊन आल्या आणि फोटोंच्या समोर ठेवून गेल्या. म्हणजे ज्याला थांबायचं असेल त्याला बसता यावं.

प्रदर्शन उद्या संपतं. रविवारी सकाळी मी तुझ्याकडे येतो. पायरी चढू का, ते तू लिहिलेलं नाहीस, आणि मी विचारतही नाही. दार लावलेलं असलं तर वाजवीन. उघडलंस तर आत येईन, दोघं चहा पिऊ, या वेळी पूर्ण.

का आलो, हे मात्र विचारू नकोस. सांगणार नाही.

तुझा,
बारक्या